रोज एक पान

"कारल्याचा मांडव का हो दादा?"

ऑगस्टमधली सकाळ होती. दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागेच्या बांधावर मी घडीचे स्टूल टाकून बसलो होतो आणि बगलफूट काढायला आलेल्या टोळीतल्या एक मावशी माझ्या खांद्यावरून वहीत डोकावत होत्या. चित्र द्राक्षबागेचे होते, निदान माझी तशी समजूत होती. मावशींचा प्रश्न टोमणा नव्हता, त्यांना खरेच कळेना. मी पुन्हा कागदाकडे पाहिले. खाली चार-पाच काळपट खांब आणि त्यांच्यावर अंथरलेली हिरवी गोधडी. कारले, दोडके, गिलके, काहीही चालून गेले असते.

नाशिकच्या चित्रकाराचा पाय आपोआप घाटाकडे वळतो. पायऱ्या, कळस, पाण्यातली प्रतिबिंबे, ओल्या दगडावरचे ऊन, सगळे तयारच असते. शिवाजी तुपे यांच्यासारख्यांची जलरंगातली चित्रे पाहत मोठे झालेल्या आमच्या पिढीला तर तिथे कुठे बसायचे हेही पाठ होते. द्राक्षबागा शहर सोडले की लगेच सुरू होतात, पण त्यांच्याकडे आपण एसटीच्या खिडकीतूनच पाहतो. बागेला 'दृश्य' नसते. सपाट जमीन, एकसारख्या ओळी आणि हिरवा, हिरवा, हिरवा. मावशींच्या प्रश्नाने माझी खोडी काढली म्हणा. मी ठरवले की वर्षभर हीच बाग काढायची. रोज, कामावर जाण्याआधी, पोस्टकार्डाएवढ्या एका पानावर.

रोजच्या चित्राची कल्पना माझी नव्हे. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात ड्युएन काइझर या चित्रकाराने 2004 च्या अखेरीस रोज एक पोस्टकार्डाएवढे तैलचित्र करायला सुरुवात केली आणि त्याचे पाहून जगभर कित्येकांनी तसा नेम धरला. या नेमात कौतुकाची जागा शिस्त नसून स्वस्ताई आहे. महिन्यातून एकदा, मोठ्या कागदावर, सुटीचा दिवस घालवून काढलेले चित्र बिघडले की महिना वाया जातो. रोजचे बिघडले तर मंगळवार वाया जातो. हात त्यामुळे धीट होतो.

बागवाल्या काकांनी परवानगी दिली, पण अटींसह. फवारणीच्या दिवशी आत फिरकायचे नाही. ठिबकच्या नळीवर पाय द्यायचा नाही. आणि घड लागले की घडाला हात लावायचा नाही, "बोटाचा ठसासुद्धा दिसतो मण्यावर." ही शेवटची अट मला तेव्हा अतिशयोक्ती वाटली होती.

सामान फार लागत नाही. तीनशे ग्रॅम वजनाचा जरा खरबरीत कागद, बारा रंगांची पेटी, दोन ब्रश, एक मऊ पेन्सिल, औषधाच्या बाटलीत पाणी. टोपी हवीच, कारण छत्रीचा रंग कागदावर उतरतो. मी पहिल्या आठवड्यात निळी छत्री वापरली आणि त्या आठवड्याची सगळी पाने आजारी दिसतात.

सांगाडा

पहिले दोन महिने माझे काय चुकत होते ते ऑक्टोबरच्या छाटणीत कळले. युरोपातली वेल थंडी पडली की आपणहून पाने टाकते आणि झोपी जाते. म्हणून तिथे वर्षातून एकदा, हिवाळ्यात, छाटणी. आपल्याकडे तशी थंडीच पडत नाही. महाराष्ट्रातली वेल झोपतच नाही, ती वाढत सुटते. म्हणून आपल्या बागायतदारांनी वर्षाचे दोन तुकडे केले. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती नुसत्या काड्या तयार करण्यासाठी. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, म्हणजे फळछाटणी, ती घडांसाठी. वेलीला जे ऋतू निसर्गाने दिले नाहीत ते कात्रीने दिले.

गोडी छाटणीच्या आधी पाने मुद्दाम उतरवली जातात. औषध मारून आणि उरलीसुरली हाताने ओरबाडून. आठवड्याभरात माझी हिरवी गोधडी नाहीशी झाली आणि तिच्याखाली इतके दिवस काय होते ते दिसले. जमिनीतून निघालेले एक गाठाळ खोड. कमरेच्या वर त्याला फुटलेले दोन हात, म्हणजे ओलांडे, तारेला धरून आडवे गेलेले. ओलांड्यावर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या तपकिरी काड्या. काडीवर एकाआड एक, डाव्या-उजव्या अंगाला डोळे. आणि हे सारे इंग्रजी वाय अक्षरासारख्या लोखंडी अँगलवर, तारांच्या पाळण्यात निजवलेले. कारल्याचा मांडव असा नसतो. कारल्याला भूतकाळ नसतो, ते एका हंगामाचे. द्राक्षाच्या खोडावर मात्र दहा-बारा वर्षांच्या छाटण्यांच्या गाठी एकावर एक बसलेल्या असतात.

मी आनंदाने रेघा ओढत सुटलो. तेव्हा मावशींनी दुसरा धडा दिला. कात्री चालवता चालवता त्या थांबल्या, वहीतल्या एका जाड काडीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही इतकी जाड यंदाची नसती दादा. ही ओलांड्याची आहे. काडी ओलांड्यातून निघते, तुम्ही ती खोडातूनच काढली."

बरोबर होते. मी डोळ्याला दिसलेली रेघ काढत होतो, वेलीची रेघ काढत नव्हतो. खोड जुने, ओलांडा त्याहून लहान, काडी यंदाची. वय उतरत जाते तशी जाडी उतरते, साल गुळगुळीत होत जाते आणि रंग करड्यावरून तांबूस होतो. हा क्रम एकदा हाताला कळला की तीन रेघांत वेल उभी राहते. तो चुकला की तीनशे रेघांतही झुडूपच.

काडी कुठे कापायची हेही अंदाजपंचे नसते. छाटणीपूर्वी बागेतल्या काही काड्या प्रयोगशाळेत जातात. तिथे डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात की कितव्या डोळ्यात घड आहे. कारण यंदाच्या फेब्रुवारीत दिसणारा घड खरड छाटणीनंतर दोन-अडीच महिन्यांतच, मे-जूनच्या उन्हात, डोळ्याच्या आत ठरून गेलेला असतो. आभाळ फार राहिले तर त्या जागी घड न बनता प्रतान बनतो, म्हणजे आधाराला विळखा घालणारा तो स्प्रिंगसारखा धागा. घड आणि प्रतान हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने भाऊच. दोघेही काडीवर पानाच्या समोरच्या बाजूला येतात, आणि कधीकधी अर्धा घड, अर्धा प्रतान अशी जोड-भानगडही सापडते. मला ती एकदा सापडली. त्या दिवशीचे पान मी कुणाला देणार नाही.

प्रतानाची आणखी एक खोड. आपल्या द्राक्षाच्या जातीत तो सलग दोन पेरांवर येतो, तिसरे पेर मोकळे सोडतो, पुन्हा दोन पेरांवर. मी हे कुठेतरी वाचले होते, पण काढेपर्यंत विश्वास बसला नव्हता. दोन आणि रिकामे, दोन आणि रिकामे. एखाद्या तालासारखे काहीतरी. हे ध्यानात ठेवून काढलेली फांदी, पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी, खरी वाटते. विसाव्या शतकात पिएर गाले या फ्रेंच शास्त्रज्ञाने द्राक्षाच्या जाती ओळखण्यासाठी असेच बारकावे मोजले होते. पानाच्या पाच मुख्य शिरांची लांबी, त्यांच्यातले कोन. देठापासून पाच शिरा पंजासारख्या निघतात. आधी त्या पाच रेघा टाका आणि मग त्यांच्याभोवती पानाची कड ओढा, म्हणजे पान कागदावर चपटे न पडता वळते. कडेपासून सुरुवात केली की हमखास पिंपळ होतो.

ओळ म्हणजे घड्याळ

काकांच्या बागेतल्या ओळी उत्तर-दक्षिण आहेत. बहुतेक बागा शक्यतो तशाच लावतात, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पानांना दिवसभरात सारखे ऊन मिळते. चित्रकाराला याचा फायदा असा की दोन ओळींमधली नऊ-दहा फुटांची गल्ली म्हणजे सूर्याचे घड्याळच होते. सकाळी पूर्वेकडच्या ओळीची सावली गल्लीत आडवी पडते आणि पश्चिमेकडची ओळ उजळते. संध्याकाळी हेच उलट. डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेकडे कललेला, आकाशात जेमतेम 46-47 अंशांवर. तेव्हा सहा फुटी अँगलची सावली जवळजवळ अँगलएवढीच लांब, पण ती गल्लीत न पडता ओळीच्याच रेषेत उत्तरेला सरकते. गल्ली लख्ख, ओळीखाली अंधार. आणि नाशिक 20 अक्षांशांवर असल्यामुळे मे महिन्याच्या 20-21 तारखेला दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून गेलो. अँगलला सावलीच नव्हती. खरड छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीची सावली थेट तिच्याच पायाशी, जमिनीवर नक्षीसारखी. उन्हाने माझा रंग ब्रशवरच वाळत होता, पण असे पान वर्षातून दोनदाच मिळते. दुसरे जुलैच्या अखेरीला, आणि तेव्हा ढग असतात.

सूर्य तासाला 15 अंश सरकतो. म्हणजे तुम्ही चाळीस मिनिटे रंगवत बसलात तर तो 10 अंश पुढे गेलेला असतो आणि तुमच्या चित्रात डावीकडची सावली सव्वासातची, उजवीकडची आठची. यावर मोनेने गवताच्या गंज्या रंगवताना उपाय काढला होता. अनेक कॅनव्हास सोबत न्यायचे आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. आपल्यासारख्या नोकरदाराला ते झेपणारे नाही. माझा उपाय गरिबाचा आहे. बसल्या बसल्या पहिल्या तीन मिनिटांत फक्त सावल्यांचे आकार एकाच फिक्या जांभळट रंगाने टाकून घ्यायचे आणि नंतर सूर्याने काहीही केले तरी त्यांना हात लावायचा नाही.

स्टुलावर बसण्याचाही एक परिणाम आहे. उभे राहिले की डोळे पानांच्या छताला टेकतात आणि सगळे एकाच पट्ट्यात गचडी करते. बसले की डोळ्याची पातळी खाली येते, छत डोक्यावर जाते. मग वरच्या तारा दूरवर खाली उतरत जातात, ठिबकच्या नळ्या वर चढत जातात आणि दोन्ही एका बिंदूत भेटतात. एकदम देवळाचा सभामंडप. पहिल्यांदा हे जमले त्या दिवशी मी तिथेच दुसरा चहा मागितला.

हिरव्याचे हाल

आता मूळ दुखणे. द्राक्षबाग काढणाऱ्याला हिरवा रंग छळतो, आणि त्यात चूक त्याच्या डोळ्याचीही आहे. दिवसाच्या उजेडात माणसाचा डोळा सर्वांत तीक्ष्ण असतो तो हिरव्या-पिवळ्या पट्ट्यात, 555 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास. हिरवा आपल्या डोळ्याला चटकन जाणवतो. म्हणूनच चित्रातला खोटा हिरवा लगेच खटकतो. ट्यूबमधून थेट पिळलेला सॅप ग्रीन बागेत कुठेच नसतो.

एकाच पानात तीन हिरवे असतात, हे समजायला मला नोव्हेंबर उजाडला. पहिला पानाचा स्वतःचा. दुसरा, पानाच्या तुळतुळीत पाठीवरून परावर्तित होणाऱ्या आकाशाचा. तो हिरवा नसतोच जवळजवळ, निळसर राखाडी असतो. तिसरा उजेड पानातून आरपार आल्यावरचा. तो पिवळा. बाग वरून, बांधावरून पाहिली तर दुसरा हिरवा जास्त. गल्लीत बसून छताकडे पाहिले तर सगळा तिसरा. त्यामुळे एकच बाग बाहेरून थंड आणि आतून उबदार असते. मी बाहेर बसून आतला हिरवा रंगवत होतो. गोधडी झाली ती त्यामुळे. आता मी पेटीतल्या हिरव्याला शिवतही नाही. बाहेरच्यासाठी अल्ट्रामरीन निळ्यात थोडा पिवळा आणि कणभर बर्न्ट सिएना. आतल्यासाठी आधी सगळीकडे लिंबू पिवळा पसरून, तो ओला असतानाच निळ्याचा स्पर्श.

आणि मग चौथा हिरवा, जो निळा असतो. पावसाळ्यात बागेची पाने निळसर-पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जातात. ते बोर्डो मिश्रण. मोरचूद आणि चुना, शंभर लिटर पाण्यात एकेक किलो, अशी एक टक्क्याची मात्रा. डाऊनी या रोगापासून बाग वाचवण्यासाठी. याची जन्मकथा चित्रकाराच्या कामाची आहे. फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या मेडॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षे वाटसरू तोडून नेत. म्हणून बागवाले त्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. निळी, विषारी दिसणारी पाने पाहून चोर लांब राहील, एवढाच हेतू. 1882 मध्ये बोर्डो विद्यापीठातल्या मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेला आले की डाऊनीने सगळ्या बागेची पाने झडलीत, पण रस्त्याकडेच्या या रंगवलेल्या वेली तेवढ्या शाबूत आहेत. त्याने प्रयोग केले आणि 1885 मध्ये औषध जाहीर केले. चोराला भिववायला फासलेला रंग बुरशीला लागू पडला. आज आपल्या निफाड-दिंडोरीत टाकीत कालवला जातो तो तोच निळा.

रंग आणि विष यांचे नाते तसे जुने. एकोणिसाव्या शतकातला एमराल्ड ग्रीन हा झगझगीत हिरवा तांबे आणि आर्सेनिक यांचा होता. व्हॅन गॉगच्या ट्यूबमध्येही तो असे. तोच पदार्थ पॅरिस ग्रीन नावाने अमेरिकेत बटाट्यावरचे भुंगे मारायला विकला जाई. आज त्या नावाच्या ट्यूबमध्ये आर्सेनिक नसते, तरी ब्रश ओठांनी टोकदार करायची सवय असेल तर सोडलेली बरी. बागेत बसून तर नक्कीच.

बोर्डोचे ठिपके कागदावर आणायला मी बरेच दिवस धडपडलो. पांढऱ्यात निळा मिसळून ब्रशने शिंतोडे उडवले, तर पान नक्षीदार कपड्यासारखे दिसू लागले. उत्तर अपघाताने मिळाले. शेजारच्या बागेत ब्लोअर सुरू होता, वारा फिरला, आणि माझ्या ओल्या चित्रावर खऱ्या बोर्डोचाच फवारा आला. मी ओरडत उठलो. वाळल्यावर पाहतो तर ते पान त्या महिन्यातले सर्वांत खरे होते. थेंब पानाच्या खोलगट भागात आणि टोकाशी जमतात, सगळीकडे सारखे पडत नाहीत, एवढेच मला दिसले नव्हते.

बाहेर रंगवताना निसर्ग चित्रात असा शिरतोच. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालयात व्हॅन गॉगचे 1889 मधले ऑलिव्हच्या झाडांचे चित्र आहे. 2017 मध्ये त्याची तपासणी चालली असताना रंगाच्या थरात एक नाकतोडा सापडला. सव्वाशे वर्षे तो तिथेच होता.

आर्लमधल्या दोन बागा

व्हॅन गॉगचा विषय निघालाच आहे. 1888 मध्ये तो दक्षिण फ्रान्सच्या आर्ल गावी होता आणि त्या शरदात त्याने द्राक्षबागांची दोन चित्रे केली. पहिले 'हिरवी द्राक्षबाग', ऑक्टोबरच्या सुरुवातीचे, प्रत्यक्ष बागेत बसून. तिथला मिस्त्राल वारा प्रसिद्ध आहे, चित्रच काय, माणूस हलवतो. चित्राची घोडी टिकावी म्हणून तिचे पाय जमिनीत रोवून शेजारी हातभर लोखंडी खुंट्या ठोकायच्या आणि सगळे दोरीने बांधायचे, ही त्याची युक्ती त्याच्या पत्रात आहे. याच हिरव्या बागेने आपला घाम काढला असेही त्याने भावाला कळवले. चित्र पाहिले की पटते. रंगाचे लगदे, वेलींचा गुंता, कुठे ओळ सापडेल तर शपथ.

मग ऑक्टोबरच्या अखेरीस गोगँ त्याच्याकडे राहायला आला. गोगँचा आग्रह असा की समोर बसून नक्कल काय करतोस, आठवणीतून रंगव. एका रविवारी पावसानंतर दोघे फिरायला गेले असता मावळतीच्या उन्हात त्यांना एक लालबुंद बाग दिसली, आणि व्हॅन गॉगने ती घरी येऊन, स्मरणातून रंगवली. 'लाल द्राक्षबाग'. 1890 मध्ये ब्रसेल्सच्या प्रदर्शनात ॲना बॉश या चित्रकर्तीने ते चित्र 400 फ्रँकला घेतले. त्याच्या हयातीत विकले गेलेले म्हणून नेहमी नाव निघते ते हेच. आज ते मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे आणि हिरवी बाग नेदरलँड्सच्या ओटर्लोत.

या गोष्टीचा उपयोग करून लोक 'बघा, समोर बसायची गरजच नाही' असे म्हणतात. मला ते पटत नाही. महिनाभर आधी वाऱ्यात खुंट्या ठोकून हिरवी बाग रंगवली नसती तर लाल बाग आठवली काय असती? गोगँनेही त्याच वेळी आर्लच्या द्राक्षतोडणीचे चित्र केले, पण त्यातल्या बायकांना त्याने कपडे घातले ते पार उत्तरेकडच्या ब्रिटनीतले. चित्र थोर आहे. पण आमच्या मावशी त्या बागेत आल्या असत्या तर त्यांनी त्याला काहीतरी विचारलेच असते.

लाल बागेचे कौतुक करताना आपल्याला एक चिमटाही बसतो. नाशिकची बाग तशी लाल होतच नाही. शरदातली पानगळ थंडीची देणगी, आणि आपल्याकडे पाने रंगण्याआधीच माणसे उतरवतात. आपल्या बागेचा रंगोत्सव वेगळ्याच ठिकाणी आहे.

वर्तमानपत्रांची बाग

तो जानेवारीत असतो. मण्यांत पाणी उतरले की निर्यातीच्या पांढऱ्या द्राक्षांच्या घडांना बागवाले कागद गुंडाळतात. थंड रात्र आणि तापलेली दुपार यांच्या तफावतीने हिरवे मणी गुलाबी पडू नयेत म्हणून. कागद कसला, तर रद्दीतले वर्तमानपत्र. एका पहाटे मी पोहोचलो तेव्हा अख्खी बाग वाचत उभी होती. हिरव्या छताखाली ओळीच्या ओळी मराठी मथळे लोंबत होते. कुठे अर्धा पुढारी, कुठे सोन्याचा भाव, कुठे राशिभविष्याचा मीन आणि खाली वधूवर. उन्हाची तिरीप आली की कागद आतून पेटल्यासारखा उजळतो आणि घडाची सावली त्यावर गर्भासारखी दिसते. बांधाच्या कडेच्या ओळींना ऊन थेट लागते, तिथे जुन्या साड्या बांधलेल्या. जांभळी, राणी, मोरपंखी, जरीचा काठ तारेवर. फेब्रुवारीपर्यंत मी दुसरे काही काढलेच नाही.

जलरंगात पांढरा कागद काढायचा म्हणजे काहीही काढायचे नाही, तो सोडायचा आणि आजूबाजूचा अंधार रंगवायचा. या बागेने मला हे जितके शिकवले तितके कुठल्या वर्गाने नाही. मथळ्यांची अक्षरे काढायचा मोह मात्र आवरावा. पहिल्या पानावर मी ती वाचता येतील अशी काढली आणि ज्याला दाखवले तो बाग सोडून बातमी वाचत बसला.

थंडीत आणखी एक अडचण. निफाडचा पारा काही रात्री पाच अंशांखाली जातो. मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या करतात, धूर ओळींत साचतो. चित्राला तो वरदान, मागच्या ओळी एकेक करून फिक्या होत जातात. पण कागद वाळत नाही. दोन थरांमध्ये मी वही शेकोटीला धरायचो. एकदा कोपरा जळला.

काकांची ती अट याच काळात पटली. कागद सोडल्यावर मण्यावर पांढुरका मेणासारखा थर असतो. त्यामुळे द्राक्षाला काचेच्या गोटीसारखी चमक नसते, उजेड त्यावर पसरून मंद होतो. आपण शाळेपासून प्रत्येक मण्यावर पांढरा ठिपका देत आलो, तो खोटा. जिथे बोट लागते तिथला थर जातो आणि तेवढीच जागा चकाकते. मी न राहवून एक मणी दाबला होता. दुसऱ्या दिवशी काकांनी तो घड लांबूनच ओळखला.

तोडणीबद्दल फार लिहीत नाही. क्रेट, कात्र्या, साखर मोजायचे यंत्र, गाड्यांची घाई, त्या गर्दीत चित्रकार म्हणजे अडगळ. मार्चच्या एका पानावर नुसती तारीख आहे. त्या संध्याकाळी पलीकडच्या शिवारात गारा पडल्या होत्या आणि सकाळी मी वही उघडून तशीच मिटली.

काडीचा कोळसा

एप्रिलमध्ये पुन्हा छाटणी. ओळीओळीत कापलेल्या काड्यांचे ढीग पडले. मावशी तोंडाला पदर बांधून काम करत होत्या. मला तेव्हा आठवले की चित्रकलेच्या दुकानात मिळणाऱ्या कोळशाच्या कांड्यांना इंग्रजीत वेलीचेच नाव आहे. सन 1400 च्या सुमारास इटलीतल्या चेन्निनो चेन्निनीने चित्रकारांसाठी लिहिलेल्या पुस्तकात द्राक्षवेलीच्या जाळलेल्या काड्यांचा काळा रंग सांगितला आहे. म्हणजे गेली सहाशे वर्षे जे साहित्य लोक वापरतात ते माझ्या पायाखाली तुडवले जात होते.

कृती सोपी. काड्या नीट सुकवायच्या, साल पूर्ण खरवडून टाकायची, कारण वर्षाच्या फवारण्या सालीवर बसलेल्या असतात. बोटभर लांब तुकडे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात गच्च भरायचे, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडायचे आणि डबा मोकळ्यावर विस्तवात ठेवायचा. आत हवा नसल्याने लाकूड पेटत नाही, नुसते भाजते आणि त्यातले वायू भोकातून धूर होऊन निघतात. धूर थांबला की डबा बाहेर. मग पूर्ण गार होईपर्यंत वाट पाहायची.

मी वाट पाहिली नाही. झाकण उघडताच हवा आत शिरली, काड्या लाल झाल्या आणि पाहता पाहता राख. मावशी म्हणाल्या, "रताळं भाजताना तरी धीर धरता का?"

दुसरा डबा रात्रभर तसाच ठेवला. सकाळी काड्या अखंड निघाल्या, टिचक्या मारल्या की काचेसारख्या वाजणाऱ्या, किंचित निळसर काळ्या. बागेत गेलो. खरड छाटणीने ओलांडे बोडके झाले होते, कापलेल्या टोकांतून पाण्याचे थेंब ठिबकत होते. मी खोडासमोर बसलो आणि त्याच्याच काडीने खोड काढायला घेतले. आधी खोड, मग दोन ओलांडे. काड्यांच्या जागी फक्त गाठी.

मावशी मागे येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे तिसऱ्या ओळीतलं आहे. कोपऱ्यावरचं. डावा ओलांडा गेल्या साली मोडला होता ते."